बसतंय म्हणून चालतंय?

गेल्या खंडेनवमीला गावच्या घरी माझं आणि दादाचं भांडण झालं. तोंडं अजून पूर्ण सुटलेली नाहीत. दोन्ही बाजूंच्या नातेवाईकांनी आपापली आवृत्ती फोनवरून सगळीकडे पोचवलेली आहे आणि माझ्या बाजूची आवृत्ती "पुण्याहून येऊन शहाणपणा शिकवतो" एवढ्या एका वाक्यात संपते, असं कळलं. म्हणून म्हटलं, सविस्तर लिहावंच. ज्या मंडळींना बंदुकीत काडीचा रस नाही त्यांनीही वाचा, कारण भांडण दिसायला बंदुकीवरून असलं तरी खरं भांडण एका वाक्यावरून आहे. ते वाक्य म्हणजे, "बसतंय ना? मग चालतंय."

तर आमच्याकडे पणजोबांची दोन नळ्यांची बारा बोर बंदूक आहे. पणजोबा जंगलखात्यात होते, तिसाच्या दशकात त्यांनी ती घेतली. बर्मिंगहॅमची बनावट. पुढे आजोबा, मग काका आणि आता दादा, असा परवाना फिरत आला. कोकणात अशी घरं बरीच आहेत. परदेशी बंदुकांची आयात सामान्य माणसासाठी ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली, त्यामुळे साहेबाच्या वेळच्या बंदुका देशभर अजून कपाटात आहेत आणि नुसत्या कपाटात नाहीत, वापरातही आहेत.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, विळी, पहार आणि बंदूक अशी ओळीनं मांडून पूजा होते. बंदुकीला झेंडूची माळ, दस्त्याला हळदकुंकू. पूजा आटोपली आणि दादा आतून काडतुसांचा नवा कोरा डबा घेऊन आला. जिल्ह्याच्या गावी दुकानातून आणलेला. "मळ्यात जाऊन एक बार काढून बघू," म्हणाला. (सणासमारंभात आनंदाचा बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीपासून सरळ गुन्हा आहे. पण तो वेगळा विषय.) त्यानं बंदूक मोडली, एक काडतूस आत सरकवलं, ते टक् करून जागच्या जागी बसलं. पुतण्या शेजारी कानात बोटं घालून तयारच उभा. वय वर्षं तेरा.

मी डबा हातात घेतला. त्यावर छापलं होतं : ७० मिलिमीटर, ३६ ग्रॅम. मी म्हटलं, "दादा, हे आपल्या बंदुकीचं नाही. काढ बाहेर."

"बारा बोर ती, बारा बोर हे. परवान्यावर बारा बोर. दुकानदारानं दिलं. आणि बसलं की व्यवस्थित!"

इथून पुढे आवाज चढले. ते सोडून देतो. मुद्द्याचं सांगतो.

बारा बोर म्हणजे नळीची जाडी. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घेतला आणि असे बारा गोळे मिळून एक पौंड भरले, तर ती बारा बोर. झालं. ह्या आकड्यात काडतूस किती लांबीचं हवं ह्याबद्दल अवाक्षर नाही. काडतूस जिथे बसतं ते घर, म्हणजे चेंबर, नळीपेक्षा थोडं रुंद असतं आणि त्याच्या पुढच्या टोकाला ते निमुळतं होत नळीला मिळतं. ह्या घराची लांबी जुन्या इंग्रजी बंदुकांत बहुतेक वेळा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजच्या बंदुकांत पावणेतीन इंच, म्हणजे ७०. तीन इंची, म्हणजे ७६ वालीही असतात. अडीच आणि पावणेतीन, फरक पाव इंचाचा. करंगळीच्या नखाएवढा म्हणा.

"मग लांब असेल तर बसणारच नाही," असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. इथेच तर मेख आहे.

त्या दिवशी भांडताना मी देवघराच्या खणातून काकांच्या वेळचं एक उडवलेलं काडतूस काढलं. जुनं, कागदी नळकांड्याचं, पितळी बुडाचं. फूटपट्टीवर ठेवलं, ६५ भरलं. दादानं शेजारी आपलं नवं काडतूस ठेवलं. ते साठ मिलिमीटरच्याही आत! "बघ," तो म्हणाला, "तुझ्याच पट्टीवर बघ. माझंच लहान आहे." काकू हसली. पुतण्या हसला. मी हरलो, असं सगळ्यांना वाटलं.

पण काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडवल्यानंतरची लांबी असते. नव्या काडतुसाचं तोंड मोदकासारखं पाऱ्या घालून आत मुडपलेलं असतं. बार झाला की त्या पाऱ्या उलगडतात, तोंड सरळ होतं आणि नळकांडं पुढे लांब होतं. ७० चं काडतूस भरलेलं असताना ५८ ते ६० भरतं. म्हणून ते ६५ च्या घरात आरामात शिरतं, टक् आवाज करून बसतं, बंदूक छान मिटते. सगळं कसं मापात! आणि चाप ओढला की ते ७० चं होतं. पुढची पाच मिलिमीटर उलगडायला जागाच नाही. तिथे घर संपून निमुळता भाग सुरू झालेला असतो, त्यात ते तोंड अडकतं आणि छर्रे नि वॉड ज्या वाटेनं जायचे ती वाट नेमक्या त्या क्षणी आवळली जाते. चकलीच्या सोऱ्यात बारीक भोकाची ताटली घातली की दांडा किती जोरानं दाबावा लागतो ते आठवा. इथे दाबणारा हात दारूच्या धुराचा आहे आणि सोऱ्या तुमच्या गालाला टेकलेला आहे.

म्हणजे "बसतंय" हा पुरावाच नाही. उडायच्या आधीचं माप आणि उडतानाचं माप ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलं बघून दुसऱ्याची ग्वाही देतो.

बसण्याचं आणखी एक उदाहरण देतो. वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या नळीत टाकलं तर तेही "बसतं". पार आत सरकून घराच्या पुढे अडकून बसतं. मागून बघितलं तर घर रिकामं दिसतं. मग माणूस मागे बारा बोरचं काडतूस घालतो आणि नळी फुटते. ह्यासाठीच वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत पडली. बसण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी कुणीतरी रंग वापरायला सुरुवात केली, ह्यातच काय ते आलं.

आता दादाची बाजू. तो मूर्ख नाही, आणि त्याचे मुद्दे खोटे नाहीत, म्हणून ते नीट मांडतो.

पहिला मुद्दा : "जगात हजारो लोक उडवतात, काही होत नाही." हे बरंचसं खरं आहे. अमेरिकेत काही हौशी लोकांनी उपकरणं लावून मोजलेलंही आहे, की हलका बार असेल तर नुसत्या जास्त लांबीमुळे दाब फार वाढत नाही. ब्रिटनमध्ये तर ६७ मिलिमीटरची काही काडतुसं ६५ च्या घरांसाठी म्हणूनच विकली जातात, डब्यावर तसं छापून. पण हे वाक्य शेवटपर्यंत वाचा : हलका बार असेल तर, आणि डब्यावर तसं छापून. म्हणजे कुणीतरी त्या काडतुसाचा दाब मोजला, अडीच इंची बंदुकीला तो झेपतो हे बघितलं आणि आपलं नाव घालून तसं लिहून दिलं. दादाच्या डब्यावर असं काहीही नाही. त्यावर ७० आणि ३६ ग्रॅम आहे. कुणी तरी वेगळ्या बंदुकीत वेगळं काडतूस मोजलं, त्याचा दाखला आपल्या डब्याला कसा लागू होणार? शेजारच्या मुलाचा रक्तगट बघून आपल्याला रक्त चढवत नाहीत.

आणि लांबीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती ही, की लांब काडतूस बहुधा दमदारही असतं. आजच्या साध्या ७० च्या काडतुसांना युरोपच्या नियमांत ७४० बारपर्यंत दाबाची मुभा आहे, दमदार प्रकाराला १०५०. अमेरिकेत पावणेतीन इंचीला ११,५०० पीएसआय. हे आकडे आजच्या पोलादाच्या, आजच्या घरांच्या बंदुका डोळ्यासमोर ठेवून ठरलेत. आमच्या बंदुकीच्या नळीवर १⅛ औंस असं कोरलंय, म्हणजे जेमतेम ३२ ग्रॅम छर्रे. अशा बंदुकांत एरवी ३० ग्रॅमच चालायचे. ३६ ग्रॅम म्हणजे सव्वा औंसाच्याही वर. लांबी जास्त, वजन जास्त, वाट अरुंद, आणि नळी नव्वदीकडे झुकलेली. एकेक गोष्ट सुटी धरली तर "थोडंसंच जास्त". पण बार एकच निघतो आणि त्यात सगळी थोडी-थोडी एकत्र येतात.

ह्याच्या उलटही खरं आहे बरं का, कारण नुसत्या लांबीचा बाऊ करणारेही मला भेटलेत. ६५ चं काडतूस आणलं की जिंकलो असं नाही. ज्या जुन्या बंदुकीची परीक्षा फक्त काळ्या दारूवर झाली, तिला आजच्या दारूचं ६५ चं काडतूसही देऊ नये. वेलबुट्टी दिसते अशा दमास्कस नळ्यांच्या बंदुका ह्यात खूप असतात. बारा बोरमध्येच दोन इंची घराच्याही बंदुका होत्या, त्यांना ६५ सुद्धा लांबच. लांबी एक प्रश्न, दाब दुसरा. दोन्हीचं उत्तर "हो" पाहिजे.

दुसरा मुद्दा : "काका वीस वर्षं हिच्यातनं उडवत होते." उडवत होतेच. पण काय? देवघराच्या खणात त्याचं उत्तर होतं, पट्टीवर ६५ भरलेलं. काकांनी बहुधा ह्यावर कधी व्याख्यान दिलं नसेल. ते योग्य काडतूस आणत आणि गप्प बसत. आपण त्यांची बंदूक घेतली, परवाना घेतला, सवय मात्र घेतली नाही. आणि समजा त्यांनी चुकीचं उडवलं असतं, तरी जुनी बंदूक पहिल्या बाराला फुटतेच असं कुठे आहे? बहुतेक वेळा फुटत नाही. दस्त्याला नळ्यांच्या जोडाशी केसासारखी चीर जाते. नळ्या आणि मागची फळी ह्यांच्यामध्ये उजेडाची फट दिसायला लागते. खांद्याला धक्का जास्त बसतो, ते आपण "काय जोरदार काडतूस आहे" म्हणून कौतुकानं सांगतो. उडवलेल्या काडतुसाचं तोंड झिरमिळ्या झाल्यासारखं फाटलेलं असतं, ते कुणी उचलून बघत नाही. दर वेळी काही झालं नाही असं वाटतं आणि दर वेळी काहीतरी झालेलं असतं.

तिसरा मुद्दा : "मग घर वाढवून घेऊ. मिस्त्री आहे ओळखीचा." हा तर मुद्दा नव्हेच, हा बॉम्ब. घर वाढवायचं म्हणजे जिथे दाब सर्वात जास्त तिथलंच धातू खरवडून काढायचं. ब्रिटनमध्ये असं केलं तर बंदुकीची आधीची परीक्षा रद्द धरतात, पुन्हा परीक्षा पास झाल्याशिवाय ती विकता येत नाही. आपल्याकडे परवाना नसलेल्या माणसानं बंदुकीची साधी दुरुस्ती करणंही शस्त्र कायद्यात बसत नाही. आणि समजा झालंच, तर घर लांब होईल. नळीची ताकद कशी वाढेल?

चौथा मुद्दा सगळ्यात जड. "तू पुण्यात बसतोस. इथे रात्री डुकरं येतात, सकाळी भात आडवा. तुझी फूटपट्टी घेऊन बसू का बांधावर?" ह्यावर मला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. आज देतो. दादा, तुझं नुकसान खरं आहे. डुकराला हात लावायला वनखात्याची परवानगी लागते, ती मिळवायला तू किती खेपा घालतोस तेही मला ठाऊक आहे. पण म्हणूनच म्हणतो, की शेतासाठी हत्यार हवं तर भरवशाचं हवं. ७० चं घर असल्याची खात्री करून, देशी बनावटीची नवी बंदूक घे. पैशात मी वाटा उचलतो, हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय. किंवा ६५ चीच काडतुसं मागव, मिळायला वेळ लागला तरी. रात्री बांधावर एकटं असताना डाव्या हाताची बोटं नळीखाली असतात. काकांच्या आठवणीसाठी ती पणाला लावू नकोस.

आता खरी चीड कशाची आहे ते सांगतो.

दुकानदारानं एक शब्द विचारला नाही. परवान्यावर "१२ बोर डीबीबीएल" लिहिलंय, त्यानं बारा बोरचा डबा पुढे केला, संख्या नोंदवली, सही घेतली. बंदूक जुनी की नवी, घर किती, काहीही नाही. रंगाच्या दुकानात गेलो तर "आतला की बाहेरचा?" विचारतात. चपलांच्या दुकानात नंबर विचारतात. आणि आमच्या परवान्यावर तरी काय? नळ्या किती, बोर किती, बंदुकीचा नंबर. घराच्या लांबीला रकानाच नाही. एक ओळ. फक्त एक ओळ वाढवा, आणि दुकानदारानं ती वाचून मगच डबा द्यावा असं करा. ह्याला समिती नको, निधी नको. काडतुसं मोजायला आपल्याकडे यंत्रणा आहे. किती काडतुसं घेतली ह्याचा हिशेब चोख आहे. ती त्या बंदुकीची आहेत का, हे मात्र कुणाच्याच वहीत नाही.

पण दुकानदारावर आणि सरकारवर रागावणं सोपं. मला राग आला तो आमचाच, आमच्या घराचा.

वाद शमल्यावर मी बंदूक रिकामी केली आणि माळ काढली. पुढचं लाकूड सोडवलं की नळ्या अलग होतात. त्यांच्या पोटाशी मागच्या बाजूला सपाट जागा असते. तिथे फडक्यानं पुसलं. जुनं तेल आणि त्यात कित्येक वर्षांचं हळदकुंकू साचलेलं. त्याखाली सगळं लिहिलेलं होतं. मुकुट आणि त्याखाली बीपी. मुकुट आणि त्याखाली एनपी, म्हणजे धूर न करणाऱ्या दारूवर परीक्षा झालेली. १⅛ औंस. शंकरपाळ्याच्या आकारात १२ आणि सी. आणि शेजारी, स्वच्छ : २½ इंच.

बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानं सुरू झालं, लंडनच्या बंदूककारांची सनद तर १६३७ ची. बंदूक विकण्याआधी तिच्यात मुद्दाम जास्त दाबाचा बार उडवून बघायचा आणि टिकली तर शिक्का मारायचा, ही ती पद्धत. आपल्यावर राज्य करून गेलेल्या त्या लोकांबद्दल बाकी काय बोलायचं ते बोला, पण विकलेल्या वस्तूच्या पोटावर तिची मर्यादा कोरून ठेवायची शिस्त त्यांच्याकडे होती. चार पिढ्या आम्ही त्या बंदुकीची पूजा केली. पणजोबांच्या वाघाची गोष्ट दर वर्षी वाढत गेली, वाघ दर वर्षी हातभर लांब झाला. आणि तिच्या पोटावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. आम्ही त्यावर कुंकू लावत राहिलो.

ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सपाट जागेवरचे शिक्के वाचा, त्यांचे फोटो काढून ठेवा. शंकरपाळ्यातल्या "१२ सी" वर थांबू नका, त्याचा अर्थ घर तीन इंचांपेक्षा कमी एवढाच, अडीच की पावणेतीन ते त्यावरून कळत नाही. नुसत्या शिक्क्यांवरही थांबू नका, कारण ते बंदूक परीक्षागृहातून निघाली त्या दिवसाचं सांगतात. मधल्या काळात कुणी नळ्या आतून घासल्या, घर वाढवलं, तर ते शिक्क्याला कळत नाही. परवानाधारक कारागिराकडून गेज लावून घर मोजून घ्या, नळीची जाडीही बघून घ्या. शिक्क्यावर "३ टन" असं काही दिसलं तर कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून आजच्या आकड्यांशी ताडू नका, तेव्हाची मोजायची रीत वेगळी होती. आणि डबा वाचा : किती मिलिमीटरच्या घरासाठी, किती ग्रॅम. कुठेही शंका आली, तर बंदूक भिंतीवर. भिंतीवरची बंदूकही पणजोबांचीच असते.

असो. त्या दिवशी बार निघाला नाही. दादानं डबा कपाटात टाकला, किल्ली खिशात टाकली आणि जेवताना माझ्याशी बोलला नाही. पुतण्या मात्र दुपारी फूटपट्टी घेऊन ओसरीवर बसला होता, उडवलेलं काडतूस उलटसुलट करून बघत. संध्याकाळी मला म्हणाला, "काका, म्हणजे ते बसलं तेव्हा खोटं बोलत होतं का?"

मी म्हटलं, खोटं नाही रे. त्याला अजून उलगडायचं होतं.

ता. क. : आत्या, हे वाचून दादाला फोन करून रागावू नकोस. परवा त्याचा मेसेज आला होता. फक्त एक फोटो, डब्याच्या कडेचा, ७० वर पेनानं गोल केलेला. खाली काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात ह्याहून जास्त कुणी कबूल करत नाही.